साडेसहा हजारांचा आवाज: छोट्या गाडीला एअर इनटेक लावावा का?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. कामोठ्याहून एक जण विचारतोय, "दादा, सेकंडहँड स्विफ्ट घेतलीय. बोनसमधले नऊ हजार बाजूला ठेवलेत. दुकानवाला म्हणतो कोल्ड एअर इनटेक टाक, दहा टक्के पॉवर वाढेल, मायलेजपण वाढेल. टाकू का?"

मित्रा, मी टाकला होता. माझीही स्विफ्टच, १.२ पेट्रोल, ८३ पीएसवाली. साडेसहा हजार मोजले. कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढला आणि त्या जागी चकचकीत पाइप आणि लाल शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला. दुकानातून निघालो, पाम बीच रोडला लागलो, पेडल दाबलं... काय आवाज, बरं का! सीवूड्सच्या सिग्नलपर्यंत मी स्वतःला रेसर समजत होतो.

आधी साधं गणित करू. १,१९७ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकाराएवढी हवा ओढतं. ६,००० आरपीएमला फुल पेडल दाबलं तर मिनिटाला साधारण ३,६०० लिटर. म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या साडेतीन टाक्या, दर मिनिटाला. हे ऐकून वाटतं की रस्ता मोकळा करून दिला तर फायदा होणारच. पण कंपनीने डबा आणि फिल्टर याच आकड्यासाठी बनवलेले असतात, वर थोडी जागा सोडून. समजा, स्वच्छ कागदी फिल्टर हवेच्या दाबातला एक टक्का खातो. मग तो फिल्टर काढूनच टाकला तरी हाती येणार साधारण तेवढाच एक टक्का. ८३ मधला पाऊण घोडा! तोही फक्त फुल पेडलवर. सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये आपण पेडल जेमतेम टेकवतो. तिथे हवा अडवून धरतो तो थ्रॉटल, म्हणजे तुमचाच पाय. पुढे कितीही भारी फिल्टर लावा, दार तुम्हीच बंद ठेवलंय.

मायलेजचंही तसंच. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेज जवळपास बदललंच नाही. फुल पेडलवर पिकअप मात्र मंदावला. कारण ईसीयू येणारी हवा बघून तेवढंच पेट्रोल सोडतो. अगदी चोंदलेल्या फिल्टरने मायलेज पडत नसेल, तर महागड्या फिल्टरने वाढेल कुठून?

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कळलं ते एका ओबीडी डोंगलमुळे. काही शे रुपयांना मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं, ब्लूटूथने फोनला जोडायचं. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० किती सेकंदांत जाते, ते दहा वेळा मोजलं. मग जुना डबा परत बसवून पुन्हा दहा वेळा. फरक? एकाच फिल्टरच्या दोन फेऱ्यांत जेवढा येत होता, त्याहूनही कमी. म्हणजे मोजण्यासारखा नाहीच.

पण त्याच ॲपमध्ये एक आकडा होता, आत जाणाऱ्या हवेचं तापमान. तुर्भ्याच्या सिग्नलला दुपारी कंपनीच्या डब्यासकट तो ४५ अंश दाखवत होता, लाल शंकूसकट ६४. उघडा फिल्टर बॉनेटखालीच, इंजिनच्या शेजारी, गरम हवा ओढत बसलेला. तो कुरूप डबा ग्रिलजवळून बाहेरची हवा घेत होता, म्हणजे कोल्ड एअर इनटेक गाडीत आधीपासून होताच! गरम हवा विरळ असते. ४५ आणि ६४ मध्ये फरक पडतो साडेपाच टक्क्यांचा. सेन्सरही थोडा तापतो, मान्य, आणि वेग पकडल्यावर आकडा उतरतो. तरी सिग्नल सुटल्या सुटल्या, जिथे मला पिकअप हवा होता, तिथे मी पैसे देऊन चार-साडेचार घोडे घालवत होतो.

मग गाडी पळाल्यासारखी वाटली ती कशाने? आवाजाने. त्या डब्यात इंजिनचा घोगरा श्वास दाबणारे कप्पे असतात. ते गेले की कान म्हणतो वेग वाढला. मला तो आवाज आवडला होता, खोटं कशाला बोलू.

आता खरी गोष्ट. तापमानाची तक्रार घेऊन मी दुकानात गेलो, तर उपाय निघाला: पाइप लांब करून फिल्टर खाली, बंपरच्या आत, फॉगलॅम्पमागे. आकडे खरंच सुधारले. मी खूश. तो मे महिना होता.

नवी मुंबईचे बरेच सेक्टर भराव टाकून उभे राहिलेत. भरतीचं पाणी जमिनीहून वर चढतं म्हणून सिडकोने धारण तलाव बांधलेत. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी रस्त्यावरच थांबतं. जुलैत ठाणे-बेलापूर रोडला, तुर्भ्याजवळ, जेमतेम अर्ध्या चाकाएवढं पाणी होतं. शेजारून ट्रक गेला, लाट आली, आणि माझी गाडी गचका देऊन बंद. हात चावीकडे गेला होता. मागच्या सीटवरून बाबा ओरडले, "सेल मारू नकोस!"

टोचन करून गॅरेजला नेली. फिल्टर चिंब, पाइपात पाणी. मेकॅनिकने प्लग काढून बघितलं, सिलिंडर कोरडे होते. तो म्हणाला, "नशीब समज." पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिन खोलायचंच. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. कंपनीच्या डब्याचं तोंड बॉनेटच्या उंचीवर असतं, ते का, हे त्या दिवशी समजलं.

धुळीचं थोडक्यात. तळोजा-कळंबोलीचे ट्रक, उलव्याकडची बांधकामं, आपल्याकडे बारीक वाळूसारखी धूळ भरपूर. ती आत गेली की पिस्टनच्या रिंग्ज घासते. कापडी फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, बेताने तेल लावलं तरच नीट काम करतो, आणि हे वेळच्या वेळी कोण करतं? कागदी फिल्टर थोडा मळल्यावर उलट जास्त बारीक गाळतो. म्हणून दर महिन्याला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कागद फाटतो.

टर्बो गाडी असेल, बूस्ट वाढवून रीमॅप करणार असाल, तर इनटेकला अर्थ आहे. तिथे हवेची मागणीच मूळ हिशोबापलीकडे जाते. साध्या १.० किंवा १.२ ला नाही.

तर कामोठेकर, तीन-चारशेचा कंपनीचा फिल्टर टाक, प्लग तपास, उरलेल्यात दोन टायर येतात का बघ. आवाजच हवा असेल तर ऑक्टोबर ते मे उघडा फिल्टर लाव, तुझी हौस आहे, पण जुना डबा भंगारात देऊ नकोस आणि पाइप बंपरमध्ये उतरवू नकोस. डोंगल विकत घ्यायची गरज नाही. माझं पडून आहे, येत्या रविवारी नेरूळला ये, पहाटे पाचला. चहा तुझ्याकडून.