तळघरातला एक रविवार

मुलांनो, आधी एक छोटासा प्रयोग करू या. डोळे मिटा आणि एक मिनिटभर नुसतं ऐका. काय काय ऐकू आलं? कुकरची शिट्टी? रस्त्यावरची रिक्षा? शेजारचा टीव्ही? पंख्याची कुरकुर? आता सांगा, हे आवाज डोळे मिटण्याआधी नव्हते का? होते की! आपलं लक्ष नव्हतं, एवढंच.

आज मी तुम्हाला एका मैफलीची गोष्ट सांगणार आहे. तिथे फार सुंदर वाजत होतं, पण पुष्कळ लोकांचं लक्षच नव्हतं. ती मैफल झाली 25 जून 1961 रोजी, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात. वार होता रविवार.

न्यूयॉर्कमध्ये ग्रिनिच व्हिलेज नावाची एक वस्ती आहे. तिथे सेव्हन्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावर एक लहानसं दार आहे. आत शिरलं की जिना खाली उतरतो, थेट तळघरात. खोली पाचरीसारखी, एका टोकाला निमुळती होत गेलेली. जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढी. या जागेचं नाव 'व्हिलेज व्हॅनगार्ड'. मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थांनी ती 1935 साली इथे सुरू केली. सुरुवातीला तिथे कवी कविता म्हणत, कोणी लोकगीतं गाई. पुढे ती जॅझची जागा झाली. आजही तिथे जॅझ वाजतं, बरं का!

आता तुम्ही विचाराल, जॅझ म्हणजे काय? आफ्रिकेतून अमेरिकेत माणसांना गुलाम म्हणून नेलं होतं, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी शेतात राबताना म्हणायची गाणी, चर्चमधली भजनं, दुःखाची 'ब्लूज' गाणी आणि मिरवणुकीतला बँड यांतून एक नवं संगीत घडवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात ते बहरलं. तेच जॅझ. पुढे ते शिकागोला गेलं, न्यूयॉर्कला गेलं आणि मग जगभर पसरलं.

न्यूयॉर्कमध्ये जॅझचं मोठं घर होतं हार्लेम. ही काळ्या लोकांची वस्ती. पण एक गोष्ट ऐकून तुम्हाला राग येईल. हार्लेममध्ये 'कॉटन क्लब' नावाची प्रसिद्ध जागा होती. 1927 सालच्या डिसेंबरपासून तिथे ड्यूक एलिंग्टन हे थोर संगीतकार आपला वाद्यवृंद वाजवत. वाजवणारे काळे, नाचणारे काळे; पण ऐकायला बसायची परवानगी मात्र फक्त गोऱ्यांना! ज्यांनी संगीत घडवलं, त्यांच्याच भाऊबंदांना दार बंद. अशा अपमानातूनही हे संगीत वाढत राहिलं. म्हणूनच त्यात हसणं आणि रडणं दोन्ही एकदम ऐकू येतं. 1949 साली शहरात 'बर्डलँड' हा क्लब निघाला. चार्ली पार्कर या सॅक्सोफोन वादकाला सगळे 'बर्ड' म्हणत, त्यावरून हे नाव. एका रात्रीत या क्लबातून त्या क्लबात जाऊन ऐकावं, इतकं संगीत तेव्हा त्या शहरात होतं.

आता आपल्या तळघराकडे वळू या. त्या रविवारी तिथे तिघेजण वाजवत होते. तिघांच्या अशा संचाला 'ट्रायो' म्हणतात. पियानोवर बिल एव्हन्स, वय 31. डबल बेसवर स्कॉट लफॅरो, वय 25. ड्रम्सवर पॉल मोशन, वय 30.

पियानो तुम्हाला माहीत आहे. त्याला 88 पट्ट्या असतात. डबल बेस म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका! माणसाहून उंच, चार जाड तारांचा. वाजवणारा त्याच्या शेजारी उभा राहतो आणि जॅझमध्ये बहुधा बोटांनी तारा छेडतो. आवाज खोल, घुमणारा. आणि ड्रम्स दर वेळी दणादण वाजवायचे असतात असं मुळीच नाही. पॉल मोशन पुष्कळदा काड्यांऐवजी तारांचे ब्रश घेत. ते ड्रमवर फिरवले की पाऊस पानांवर पडावा तसा आवाज येतो.

ही मंडळी वाजवतात कशी? सोपं आहे. आधी तिघं मिळून गाण्याची चाल वाजवतात. आपल्या ख्यालात बंदिश असते ना, तशीच. मग एकेकजण त्या चालीवरून ऐन वेळी नवं काही रचत जातो. आपले गवई आलाप-ताना घेतात आणि समेवर येतात. जॅझमध्येही ठरावीक मात्रांचं आवर्तन फिरत राहतं. शेवटी पुन्हा मूळ चाल येते आणि गाणं संपतं.

पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे तंबोऱ्याचा सा कायम असतो. जॅझमध्ये चालीच्या खालचे स्वरांचे जुडगे सारखे बदलत राहतात. घरी किंवा शाळेत पेटी असेल तर सा, ग आणि प एकदम दाबून पाहा. झाला एक जुडगा! याला 'कॉर्ड' म्हणतात. असे कॉर्ड एकामागून एक ठरलेल्या क्रमाने येतात आणि वाजवणाऱ्याला त्यांच्याबरोबर चालावं लागतं. एक जरी चुकला तर तिघंही अडखळणार.

त्या काळी बहुतेक ट्रायोंमध्ये पियानोवाला राजा असे. बेसवाल्याने टप् टप् चालत राहायचं आणि ड्रमवाल्याने ठेका धरायचा, बस्स. बिल एव्हन्स यांना ते नको होतं. तिघांनी एकमेकांशी बोलावं, तसं संगीत त्यांना हवं होतं. स्कॉट नुसता ठेका देत बसत नसे. बिल यांनी एक वाक्य टाकलं की तो बेसवर उत्तर देई, कधी प्रश्न विचारी, कधी चक्क गप्प बसे. गप्प बसणंसुद्धा वाजवण्याचाच भाग होता!

गंमत म्हणजे हा स्कॉट लहानपणापासून बेस वाजवत नव्हता. तो आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा. कॉलेजात संगीत शिकायचं तर एक तंतुवाद्य यायला हवं, असा नियम होता. म्हणून अठराव्या वर्षी त्याने बेस हातात घेतला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत तो या तळघरात पोहोचला. आता विचार करा, त्याने रियाज किती केला असेल!

त्या रविवारी दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन, अशा पाच बैठका झाल्या. या जागेतल्या दोन आठवड्यांच्या कार्यक्रमाचा तो शेवटचा दिवस होता, म्हणून ध्वनिमुद्रण करायला रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीचे ऑरिन कीपन्यूज आले होते. पहिलंच गाणं चालू असताना वीज गेली आणि ध्वनिमुद्रणात मध्येच खंड पडला. तिघं मात्र वाजवत राहिले.

ते ध्वनिमुद्रण आज ऐकलं तर अजून एक गोष्ट कानावर येते. पेले किणकिणतात. लोक गप्पा मारतात. कोणीतरी मोठ्याने हसतं. गाणं संपलं की थोड्याशा टाळ्या पडतात. आणि समोर बिल एव्हन्स, पट्ट्यांवर इतके वाकलेले की डोकं जणू पियानोलाच टेकेल! ते आणि त्यांचे दोन साथीदार एकमेकांचा एकेक स्वर कानात साठवत आहेत. साऱ्या खोलीत सर्वांत चांगले श्रोते कोण होते, तर ते तिघं वाजवणारेच.

त्या दिवशीच्या एका गाण्याचं नाव आहे 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. डेबी ही बिल यांच्या थोरल्या भावाची, हॅरी यांची, छोटी मुलगी. काकांनी पुतणीसाठी केलेली ही चाल आहे. ऐकताना एक गंमत पकडा बरं. चाल सुरू होते तेव्हा ताल तीन-तीन मात्रांचा असतो, झोपाळ्यासारखा. पुढे तो हळूच चार-चारचा होतो. कुठे बदलला ते सांगा पाहू!

रात्री शेवटची बैठक संपली. वाद्यं आवरली आणि तिघं आपापल्या वाटेने गेले. हे आपलं शेवटचं ध्वनिमुद्रण, असं तिघांपैकी कोणाच्याही मनात नसणार.

त्यानंतर अकराव्या दिवशी, 6 जुलै 1961 रोजी, स्कॉट लफॅरो मोटारीच्या अपघातात गेला. वय फक्त पंचवीस.

बिल एव्हन्स यांना इतका धक्का बसला की त्यानंतर कित्येक महिने त्यांनी लोकांसमोर पियानो वाजवला नाही. ज्याच्याशी बोलायचं तोच उरला नव्हता. त्या रविवारच्या संगीतातून जी पहिली रेकॉर्ड निघाली, तिच्यात मुद्दाम स्कॉटचं वाजवणं पुढे राहील अशी गाणी निवडली. सुरुवातीला आणि शेवटी स्कॉटनेच रचलेली दोन गाणी ठेवली. आज जगभरचे जॅझचे विद्यार्थी ती रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकतात. त्या टेबलांवर गप्पा मारणाऱ्या लोकांना कोणी सांगितलं असतं, की 'अहो, हे पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही', तर ते गप्प बसले असते का हो?

हे सगळं फार लांबचं वाटतंय ना? पण जॅझ आपल्या अंगणातही आलेलं आहे. 1935 साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे टेडी वेदरफर्ड हे पियानोवादकही मुंबईत वाजवत होते. आपल्या गोव्याच्या मुलांना चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. अशी कितीतरी गोवेकर मंडळी मुंबईत आली, जॅझ शिकली आणि दिवसा सिनेमाच्या गाण्यांना साथ करू लागली. ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट हे त्यांतलेच. त्यांचं खरं नाव ॲन्टोनियो झेवियर वाझ. आजीला विचारा, 1951 सालचा भगवानदादांचा 'अलबेला' आठवतो का? त्याचे संगीतकार होते आपले सी. रामचंद्र आणि त्यांना या चिक चॉकलेट यांची मदत होती. म्हणजे आजी ज्यावर पाय थिरकवत होती, त्यात जॅझ होतंच! 1978 सालापासून मुंबईत 'जॅझ यात्रा' नावाचे महोत्सव झाले आणि देशोदेशीचे वादक रंगभवनात वाजवून गेले.

आता एक खेळ. वर्गात हा घेतला की मुलं तास संपल्याची घंटासुद्धा विसरतात. तिघांनी खेळायचा. पहिल्याने पायाने एक-दोन-तीन-चार असा ठेका धरायचा. दुसऱ्याने टाळी द्यायची, पण एकवर नाही, फक्त दोन आणि चारवर. जॅझमधली टाळी तिथे पडते. तिसऱ्याने ओळखीचं एखादं बडबडगीत म्हणायचं आणि दर वेळी त्यात थोडासा बदल करायचा. मग कामं बदलायची. पहिल्यांदा सगळे आपापलंच जोरजोरात करतात आणि गोंधळ उडतो. दुसऱ्याचं ऐकायला लागलं, की आपोआप जमतं. कोणी सांगावंही लागत नाही.

पालकांनाही एक विनंती. या रविवारी दहा मिनिटं टीव्ही बंद ठेवा. मोबाइलवर 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावा आणि मुलांबरोबर बसून ऐका. समजलं पाहिजे असं काही नाही. एकदा फक्त पियानो ऐका, दुसऱ्यांदा फक्त बेस, तिसऱ्यांदा फक्त ब्रशची सळसळ. आणि मुलं मध्येच काही सांगू लागली, तर तेही तितक्याच लक्ष देऊन ऐका.

मागे पेले किणकिणतील, कोणीतरी हसेल. त्यांना हसू द्या. आपण मात्र स्कॉटचं ऐकू या.