परसांतील पाखरांची शिरगणती

फेब्रुवारी उजाडला कीं वसमतच्या शिवारांत शाळूचीं कणसें टच्च भरतात, हळदीच्या काढणीची लगबग सुरू होते आणि भोरड्यांचे थवे आकाशांत वळसे घेऊं लागतात. शेतकऱ्याला त्यांची संख्या विचारावी, तर ‘लई आहेत’ एवढेंच उत्तर मिळतें. घरांतील आजीला चिमण्यांविषयीं विचारावें, तर ‘पूर्वीं पुष्कळ होत्या, आतां राहिल्या नाहींत’ असें ती म्हणते. दोघेंही खरेंच बोलतात. परंतु ‘पुष्कळ’ हा शब्द हिशेबाच्या वहींत मांडतां येत नाहीं.

मांडलेला आंकडा हातीं असला म्हणजे काय होतें, हें गिधाडांच्या इतिहासावरून कळतें. चाळीस वर्षांपूर्वीं गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें कीं पांढऱ्या पाठीचीं गिधाडें एवढीं उतरत कीं, तीं मोजावीं असें सामान्य माणसाच्या मनांतही येत नसे. सुदैवानें १९९१ ते १९९३ या काळांत पक्षिशास्त्रज्ञांनीं ठराविक रस्त्यांनीं प्रवास करून शिकारी पक्ष्यांची गणना केली होती. पुढें त्याच मार्गांवर पुन्हां गणना झाली, तेव्हां २००७ पर्यंत मूळच्या हजार गिधाडांमागें जेमतेम एक उरल्याचें दिसून आलें. गुरांना दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जातें व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करितें, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. पहिली गणना झाली नसती, तर या ऱ्हासाचें मान सांगणारा साक्षीदारच उरला नसता.

रानांतील मोठ्या पक्ष्यांची गणना तज्ज्ञ करतील; पण अंगणांतील चिमणी, साळुंकी, बुलबुल यांची कोणीं करावी? तज्ज्ञ घरोघर जाऊं शकत नाहींत. हें काम घरांतल्यांनींच करावयाचें असतें. अमेरिकेंत नाताळच्या दिवशीं पक्ष्यांच्या शिकारीची चढाओढ चाले. त्याऐवजीं पक्षी मोजावे, अशी सूचना फ्रँक चॅपमन यांनीं १९०० सालीं केली आणि २७ जणांनीं ती अमलांत आणली. ब्रिटनमध्यें १९७९ पासून जानेवारीच्या अखेरीस बागेंतील पक्ष्यांची तासाभराची गणना होते. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑडुबॉन सोसायटी यांनीं १९९८ सालीं ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’, म्हणजे परसांतील पाखरांची मोठी गणना, सुरू केली. २०१३ पासून ती सर्व जगाला खुली झाली व त्याच वर्षापासून भारतही तींत भाग घेत आहे. फेब्रुवारीच्या मध्यास शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस ती चालते.

तिचे नियम थोडे आहेत. एका जागीं निदान पंधरा मिनिटें लक्षपूर्वक पाहावें, जागा, तारीख व वेळ नोंदवावी आणि दिसलेला व ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहावा. कण्या टिपावयास एकच चिमणी सात वेळां आली, तर त्या सात चिमण्या होत नाहींत. एका वेळीं नजरेस पडलेली अधिकांत अधिक संख्या लिहिली म्हणजे हा घोटाळा टळतो. थवा मोठा असेल, तर दहांचा एक पुंजका डोळ्यांत धरून तसे किती पुंजके आहेत याचा अंदाज करावा. पिंपळावरचा तांबट दिसला नाहीं, पण त्याचा ‘टुक् टुक्’ आवाज निश्चित ओळखला, तर तोही लिहावा. जो ओळखला नाहीं, त्याला अंदाजानें नांव देऊं नये. काल दिसलेला भारद्वाज आज यादीची शोभा वाढावी म्हणून लिहिणें ही तर खोटी साक्ष होय. तयार झालेली यादी ‘ई-बर्ड’ या संगणकीय नोंदवहींत भरतात. दूरध्वनीवरूनही ती भरतां येते.

यादी पूर्ण असावी, हा आग्रह विनाकारण नाहीं. ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहिला असेल, तरच न लिहिलेल्याच्या अनुपस्थितीला अर्थ येतो. समजा, एका गांवांतून पहिल्या वर्षीं दहा याद्या आल्या व त्यांपैकीं सहांत चिमणी होती. कांहीं वर्षांनीं चाळीस याद्या आल्या व त्यांपैकीं सोळांत ती आढळली. सहाच्या सोळा झाल्या, म्हणून चिमण्या वाढल्या असें वाटेल. परंतु शंभर याद्यांमागें प्रमाण साठावरून चाळिसावर आलें आहे. वाढले ते मोजणारे, चिमणी घटली. म्हणून ज्याच्या यादींत केवळ दोन कावळे व एक पारवा आहे, त्याची यादीही टाकाऊ नसते.

अशाच नोंदींवरून भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार होतो. २०२३ च्या अहवालासाठीं तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. त्यांत ९४२ जातींचा विचार झाला. पण दीर्घ काळांतील चढउतार केवळ ३३८ जातींचाच काढतां आला, कारण उरलेल्यांच्या जुन्या नोंदी पुरेशा नव्हत्या. त्या ३३८ पैकीं २०४ जाती घटल्या आहेत. चिमणीविषयीं २०२० च्या अहवालानें निराळीच गोष्ट दाखविली : देशभरांत ती साधारण स्थिर आहे, मात्र मोठ्या महानगरांत कमी झाली आहे. आजीचें म्हणणें महानगरांत खरें ठरलें. तें वसमतमध्येंही खरें आहे काय, हें वसमतच्या याद्याच सांगूं शकतील.

येथेंच लहान गांवांचें महत्त्व आहे. वसमत निजामाच्या राज्यांत असतांना सालिम अली यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली व तिचा वृत्तांत १९३३-३४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यानंतर सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचें पाणी या शिवारांत आलें, ऊस आला, कौलांच्या व मातीच्या घरांच्या जागीं सिमेंटचीं घरें उभीं राहिलीं. यांपैकीं कशानें कोणता पक्षी वाढला व कोणता हटला, हें पुण्यामुंबईच्या याद्यांवरून कळणार नाहीं. त्यासाठीं येथील अंगणांतून, दरवर्षीं त्याच जागीं व त्याच वेळीं केलेली गणना हवी.

फेब्रुवारी दूर असला तरी आरंभ अडत नाहीं. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रांत पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा व शेवटचा सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या वेळीं नातवंडांना जवळ घेऊन ओळख पक्की करावी, म्हणजे फेब्रुवारींत हात अडखळणार नाहीं. यादींत साळुंक्या चार, बुलबुल दोन, चिमणी एकही नाहीं, असें आलें तरी तें तसेंच लिहावें. वीस वर्षांनीं त्या घरांतील नातू ‘पूर्वीं किती होत्या?’ असें विचारील, तेव्हां त्याला ‘पुष्कळ’ या शब्दावर समाधान मानावें लागणार नाहीं.