जर्मनीत मटेरियल सायन्स: फी नाही, मग पैसे कशाचे?

तर मंडळी, जर्मनीत मास्टर्स फुकट, हे अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते. पण स्टुटगार्ट, कार्ल्सरुहला, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा). पैसे आपलेच, पण महिन्याला ९९२ च काढता येतात. घरी कर्जाचं बोलताना हे आधी सांगा.

आता खरी मेख. तुम्ही मेकॅनिकलवाले असाल, तर मार्कांइतकेच विषय बघतात. थर्मोडायनॅमिक्स, केमिस्ट्री, सॉलिड स्टेट फिजिक्स किती शिकलात? म्हणून कॉलेजचा सिलॅबस जपून ठेवा. एपीएस सर्टिफिकेटही लागतं, त्याला लवकर अर्ज करा.

तिथे गेल्यावर ‘हिवी’ व्हा, म्हणजे प्रोफेसरांच्या लॅबमध्ये तासांवर काम. धातूचे नमुने कापायचे, घासून आरशासारखे करायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे. कंटाळा येईल, येऊ दे! १२० क्रेडिट्सपैकी साधारण ३० थिसिसचे असतात, आणि चांगला विषय अनेकदा अशा ओळखीतूनच मिळतो. आणि हो, कोर्स इंग्रजीत असला तरी कंपन्या इंटर्नशिपला बऱ्याचदा जर्मन विचारतात.