घराची रीत जपणारे हात

मशीद बंदर परिसरातील घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे आले आणि अनेक व्यापारी कुटुंबे सानपाड्यात स्थिरावली. पेढ्या वाढल्या, मुले शिक्षण-व्यवसायानिमित्त दूर गेली. अशा घरात पती-पत्नींपैकी एकाचे देहावसान झाले, की प्रार्थनासभा आटोपते, आप्त परततात आणि मागे राहिलेल्या जीवाला घर खायला उठते.

त्या घराचे दार रोज सकाळी वाजते ते घरकाम करणाऱ्या ताईंमुळे. पाणी कोणत्या गळण्याने गाळायचे, उकळलेले पाणी कोठे ठेवायचे, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी आणायची नाही, हे सारे दिवंगत गृहिणीनेच त्यांना शिकवलेले असते. गृहिणी गेल्यावर घराची रीत त्यांच्याच हाती उरते. “काका, दिवस मावळायला आला, जेवून घ्या,” एवढ्या शब्दांनी खिडकीशी बसून राहिलेला वृद्ध पानावर येतो. “काकूंना अशीच डाळ आवडायची,” असे त्या सहज म्हणतात आणि मुले जे नाव घ्यायला कचरतात, ते घरात पुन्हा ऐकू येते. त्याने शोक सरत नाही. पण तो बोलू लागतो.

आपल्या परंपरेत चंदनबालेची कथा आहे. कौशांबीच्या बाजारात विकल्या गेलेल्या या राजकन्येला, श्वेतांबर कथेनुसार, धनावह श्रेष्ठीने कन्येसारखे वागवले. त्याच घरात मूलेने तिला बेड्या घातल्या. पुढे तीच भगवान महावीरांच्या ३६,००० साध्वींची प्रमुख झाली. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांतही शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे यांची गणना आहे.

म्हणून एक हिशेब चोख असावा. मुले वडिलांना आपल्याकडे नेतात, सदनिकेला कुलूप लागते आणि ताईंची मिळकत एका दिवसात थांबते. जुन्या मुनीमजींना आपण असे निरोप देऊ का? पुरेशी पूर्वसूचना, काही महिन्यांचा पगार, ओळखीच्या घरी शब्द टाकणे, हे आपल्या हातचे आहे. महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ नुसार १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते; त्यासाठी कामाचा दाखला आपणहून द्यावा. आणि काकांचा दूरध्वनी अधूनमधून त्यांनाही जावा. माणूस त्यांनीही गमावलेले असते.