सभेंतील टाळ्या व पेटींतील मतें

एखाद्या पुरुषाचा जयजयकार करणें आणि त्याच्या हातीं पुढील कारभार सोपविणें ह्या दोन गोष्टी वरवर पाहतां एकच भासतात. परंतु त्यांमध्यें मोठें अंतर आहे. हें अंतर केवढें असूं शकतें, ह्याचा धडा ब्रिटनमधील मतदारांनीं १९४५ सालीं साऱ्या जगास घालून दिला. त्या निवडणुकींत पुढाऱ्यांनीं प्रचार कसा केला, लोकांनीं त्याची पारख कशी केली, व तींतून आपण काय घ्यावें, ह्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

८ मे १९४५ रोजीं युरोपांतील महायुद्ध संपलें. जपानशीं युद्ध अद्यापि चालूच होतें. ब्रिटनमध्यें पार्लमेंटाची सार्वत्रिक निवडणूक १९३५ च्या नोव्हेंबरनंतर झालेली नव्हती. १९४० सालापासून हुजूर, मजूर व लिबरल हे तिन्ही पक्ष आपसांतील भांडणें बाजूस ठेवून एकत्र राज्यकारभार पाहत होते. शत्रूचा पाडाव होतांच ही जूट मोडली, आणि ५ जुलै हा मतदानाचा दिवस ठरला.

हुजूर पक्षाचे पुढारी मि. विन्स्टन चर्चिल हे तेव्हां सत्तर वर्षांचे होते. १९४० सालच्या संकटांत त्यांच्या वाणीनें राष्ट्राचा धीर टिकला होता, व त्यांची कीर्ति कळसास पोंचली होती. त्यांच्या पक्षाला ह्या कीर्तीचा एवढा भरंवसा वाटे कीं, जाहीरनाम्याच्या मथळ्यांतही मि. चर्चिल ह्यांचेंच नांव घातलें होतें. मजूर पक्षाचे पुढारी मि. क्लेमंट ॲटली हे प्रकृतीनें अगदीं निराळे. मितभाषी, दिसण्यांत साधे, वक्तृत्वाचा आव न आणणारे असे ते गृहस्थ होते. तरुणपणीं पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तींत मजुरांच्या मुलांसाठीं चालणाऱ्या एका क्लबाची व्यवस्था त्यांनीं पाहिली होती, आणि त्या मुलांच्या घरचें दारिद्र्य डोळ्यांनीं पाहूनच ते मजूर पक्षाकडे वळले. युद्धकाळीं ते चर्चिलसाहेबांच्या मंत्रिमंडळांत राहून घरची बाजू निमूटपणें सांभाळीत होते.

त्या काळीं प्रचाराचें मुख्य साधन रेडिओ हें होतें. हुजूर व मजूर ह्या दोन्ही पक्षांस प्रत्येकीं दहा व लिबरलांस चार भाषणें वांटून दिलेलीं होतीं. हुजूर पक्षाच्या दहांपैकीं चार भाषणें एकट्या मि. चर्चिल ह्यांनीं केलीं. मजूर पक्षानें मात्र दहा भाषणांस दहा निरनिराळे वक्ते उभे केले. ४ जून रोजीं मि. चर्चिल ह्यांचें पहिलें भाषण झालें. त्यांत त्यांनीं असें सांगितलें कीं, समाजवादी राज्य आलें तर लोकांचीं तोंडें बंद करण्यासाठीं त्याला कोणत्या ना कोणत्या रूपांत गेस्टापोचा आश्रय करावा लागेल. गेस्टापो म्हणजे हिटलरचे क्रूर गुप्त पोलीस. त्या छळछावण्यांचीं छायाचित्रें लोकांनीं नुकतींच वर्तमानपत्रांतून पाहिलीं होतीं. आणि ज्यांस उद्देशून हा शब्द उच्चारला, ते गृहस्थ कालपर्यंत वक्त्याच्याच शेजारीं बसून शत्रूशीं लढत होते! हा शब्द गाळावा, असें चर्चिलबाईंनीं आपल्या पतीस आधींच सुचविलें होतें, असें सांगतात. पण तो गाळला गेला नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं मि. ॲटली ह्यांनीं रेडिओवरून उत्तर दिलें. त्यांनीं शिवीला शिवीनें उत्तर दिलें नाहीं. युद्धकालीन राष्ट्राचा थोर नेता आणि एका पक्षाचा पुढारी ह्यांत किती फरक असतो, हें लोकांस दाखवून दिल्याबद्दल त्यांनीं मि. चर्चिल ह्यांचे शांतपणें आभार मानले, आणि मग आपल्या पक्षाचा कार्यक्रम समजावून दिला. याकोबाच्या पत्रांत जिभेला ठिणगीची उपमा दिली आहे, ती ह्या दोन दिवसांच्या वृत्तान्तास किती यथार्थ लागू पडते!

त्यानंतर दोन्ही पुढारी दौऱ्यावर निघाले. मि. चर्चिल उघड्या मोटारींतून गांवोगांव फिरले, तेव्हां त्यांस पाहण्यासाठीं रस्त्यांच्या दुतर्फा लोकांचे थवे जमले. आयाबाया लेंकरांना उंच धरून त्यांचें दर्शन घडवीत. मि. ॲटली आपल्या लहानशा घरगुती मोटारींतून सभांस जात, आणि ती मोटार त्यांच्या पत्नी हांकीत असत. हा देखावा पाहून बहुतेक जाणत्यांनीं असाच निष्कर्ष काढला कीं, जय मि. चर्चिल ह्यांचाच होणार. मात्र मतदानाच्या आदल्या आठवड्यांत लंडनजवळ वॉल्थॅमस्टो येथील प्रचंड सभेंत जयघोषाबरोबर हुर्योही उठली. लोकमत अजमावणाऱ्या एका संस्थेचे आंकडेही मजूर पक्ष पुढें असल्याचें सांगत होते. पण त्यांकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

मतदारांमध्यें जो वादविवाद चालला होता, त्याच्या दोन्ही बाजू वजनदार होत्या. एक पक्ष म्हणे कीं, ज्यानें बुडतें तारूं किनाऱ्यास लावलें त्याच्या हातून सुकाणू काढून घेणें ही कृतघ्नता होय. शिवाय जपानशीं युद्ध संपलेलें नाहीं. दुसरा पक्ष म्हणे कीं, कृतज्ञता आम्हांसही आहे, परंतु मत हें बक्षीस नव्हे. तें पुढील कामाची नेमणूक आहे. वादळांतला उत्तम नावाडी घर बांधण्याच्या कामींही उत्तमच ठरेल असें कशावरून? ही चर्चा केवळ घरांत व पिठ्यांत चालली होती असें नव्हे. सैन्यांत १९४१ सालापासून चालू प्रश्नांवर शिपायांच्या चर्चा घडवून आणण्याची सरकारी योजनाच होती. त्यामुळें बंदूक धरणाऱ्या हातांस, युद्ध संपल्यावर काय, हा प्रश्न विचारण्याची संवय लागलेली होती.

ह्या प्रश्नाचें मूळ लोकांच्या घरच्या हालांत होतें. बाँबवर्षावानें असंख्य घरें जमीनदोस्त झालीं होतीं, व राहावयास जागा नाहीं हीच सर्वांची मोठी तक्रार होती. पहिल्या महायुद्धानंतर शूर शिपायांस उत्तम घरें देण्याचीं वचनें दिलीं गेलीं, पण पुढें बेकारीचेंच युग आलें, हें वडील पिढी विसरली नव्हती. १९४२ च्या डिसेंबरांत सर विल्यम बेव्हरिज ह्यांनीं दैन्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा व बेकारी ह्या पांच राक्षसांचें पारिपत्य कसें करावें हें आपल्या अहवालांत मांडलें, तेव्हां तो रुक्ष सरकारी अहवाल विकत घेण्यासाठीं लोकांनीं रांगा लावल्या! मजूर पक्षानें घरें, रोजगार व सर्वांस वैद्यकीय मदत ह्यांविषयीं निश्चित योजना पुढें ठेविली. मि. चर्चिल ह्यांच्या जाहीरनाम्यांतही अशा गोष्टी होत्याच. परंतु भाषणांत त्यांचा भर प्रतिपक्षाच्या धोक्यांवर होता. लोक विचारीत होते घराविषयीं, आणि उत्तर मिळत होतें गेस्टापोविषयीं.

मतदान ५ जुलैला झालें. पण परदेशांतील शिपायांचीं मतें यावयाचीं असल्यामुळें पेट्या तीन आठवडे मोहोरबंद राहिल्या. २६ जुलै रोजीं त्या उघडल्या, आणि जग चकित झालें. ६४० जागांपैकीं ३९३ जागा मजूर पक्षास मिळाल्या. हुजूर पक्ष व त्याचे सोबती मिळून २१३ वरच राहिले, आणि लिबरलांस अवघ्या १२ मिळाल्या. मि. चर्चिल स्वतः निवडून आले खरे. पण मोठ्या विरोधी पक्षांनीं त्यांच्याविरुद्ध उमेदवारच उभा केला नसतांही एका अपक्षास दहा हजारांहून अधिक मतें पडलीं. त्याच सायंकाळीं मि. चर्चिल ह्यांनीं राजीनामा दिला व मि. ॲटली प्रधानमंत्री झाले. जर्मनींतील पॉट्सडॅम येथील परिषदेस चर्चिल आरंभीं गेले होते. शेवटीं त्यांच्या खुर्चीवर ॲटली बसले. एवढा पालट झाला, पण एक गोळी सुटली नाहीं.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मजूर पक्षास जागा शेंकडा एकसष्ट मिळाल्या असल्या, तरी मतें शेंकडा अठ्ठेचाळीसच होतीं. ज्या मतदारसंघांत ज्याला सर्वांत अधिक मतें, तो निवडून येणार, असा तेथील नियम आहे. त्यामुळें मतें व जागा ह्यांचें प्रमाण जुळतेंच असें नाहीं. १९५१ सालीं तर मजूर पक्षास मतें अधिक पडूनही जागा कमी मिळाल्या, व मि. चर्चिल पुनः प्रधानमंत्री झाले. एकेका मताचें मोल केवढें हेंही १९४५ सालींच दिसून आलें. लिबरल पक्षाचे पुढारी सर आर्चिबॉल्ड सिंक्लेअर हे विजयी उमेदवाराच्या मागें केवळ ६१ मतांनीं असून तिसरे आले!

ह्या निवडणुकीशीं आपल्या देशाचाही निकट संबंध होता. मि. ॲटली हे सायमन कमिशनचे सभासद म्हणून ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं मुंबईस उतरले, तेव्हां शहरानें हरताळ पाळून व काळीं निशाणें दाखवून त्या कमिशनचा निषेध केला होता. १९४५ सालीं हिंदुस्थानचे भारतमंत्री मि. एमरी हेही पराभूत झाले; आणि दोनच वर्षांनीं, १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, ॲटली ह्यांच्याच कारकीर्दींत आपण स्वतंत्र झालों. परंतु ज्या पार्लमेंटाच्या हातीं आपलें भवितव्य होतें, तें निवडण्याच्या कामीं येथील कोट्यवधि जनतेस एकही मत नव्हतें. मताची खरी किंमत मतावांचून राहिलेल्यासच कळते.

साधनें पालटलीं, तरी हा धडा जुना झालेला नाहीं. २०१० सालीं ब्रिटनमधील तीन मुख्य पक्षांचे पुढारी निवडणुकीपूर्वीं प्रथमच टेलिव्हिजनवर समोरासमोर उभे राहून वाद करते झाले. पहिल्या वादानंतर लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे मि. निक क्लेग ह्यांची देशभर वाहवा झाली. तथापि त्यांच्या पक्षास पूर्वींच्या ६२ जागांऐवजीं ५७ च मिळाल्या. टाळी वाजविणारा हात व मत देणारा हात एकच असला, तरी मधल्या काळांत मनुष्य विचार करीत असतो.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षें पूर्ण होतांच तुम्हांसही मताचा अधिकार प्राप्त होईल. तोंपर्यंत शाळेंतील वक्तृत्वसभा हीच तुमची तालीम आहे. तेथें वक्त्याचा आवाज ऐका, पण त्याबरोबर हेंही पाहा कीं, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यानें दिलें कीं नाहीं, आणि प्रतिपक्षाविषयीं बोलतांना त्यानें सत्य सोडलें कीं काय. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मत कोणास द्यावें ह्याची चर्चा घरांत मुलांच्या देखत होऊं द्यावी; परंतु ती अशी व्हावी कीं, मतभेद झाला तरी जेवावयास सर्वजण एकाच पंक्तीस बसतील.