पहिल्या नंबरचं गाणं ठरतं कसं?

कापसाच्या किडीवरचं गाणं एखाद्या देशात पहिल्या नंबरावर गेलं, असं सांगितलं तर खरं वाटेल? अमेरिकेत गेलं होतं. 'बिलबोर्ड' नावाचं तिथलं एक नियतकालिक गाण्यांचे नंबर लावून याद्या काढतं. 17 जुलै 1961 ला त्यांनी एक नवी यादी सुरू केली. तिच्यात पहिलाच पहिला नंबर मिळाला ब्रुक बेंटन या गायकाच्या 'द बोल विव्हिल साँग'ला. बोल विव्हिल म्हणजे आपली बोंडअळी नव्हे बरं का. आपली अळी पतंगाची. तो सोंडकिडा, आपल्या धान्यात पडतो त्याचा भाऊबंद. 1890 नंतर तो मेक्सिकोतून अमेरिकेत शिरला आणि कापूसवाल्यांचं कंबरडं मोडलं. तिथल्या काळ्या कष्टकऱ्यांनी त्याच्यावर गाणी रचली. आपण जात्यावर सासुरवासाचं दुःख गायलो, तसंच ते. बेंटनच्या गाण्यात किडा आणि शेतकरी एकमेकांशी बोलतात, आणि तेही हसत-हसत.

ही यादी कशासाठी काढली? तेव्हा तरुण पोरांना रॉक अँड रोलचं वेड लागलं होतं. घरातल्या मोठ्या माणसांना मात्र तो दणदणाट नको होता. त्यांना काम करता करता ऐकता येईल असं हवं होतं. म्हणून सुरुवातीला मोठ्या यादीतली रॉकची गाणी गाळून ही वेगळी यादी करत. 1979 पासून तिचं नाव 'ॲडल्ट कंटेम्पररी' आहे. 'ॲडल्ट' म्हटल्यावर काही जणी पदराआड हसतील. तसलं काही नाही. संसाराला लागलेल्या माणसांसाठी आजची गाणी, एवढाच त्याचा अर्थ.

ही संसाराला लागलेली माणसं कोण, तर मुख्यतः बायका. अशी स्टेशनं 25 ते 54 वयाच्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून चालतात. तिच्यावर प्रेम म्हणून नव्हे. घरात साबण कुठला, तेल कुठलं, हे ती ठरवते, आणि रेडिओ चालतो जाहिरातींवर. म्हणून तिला आवडतील असे आवाज इथे वर येतात. कारेन कार्पेंटर ही ढोल बडवणारी मुलगी खालच्या, खोल आवाजात गायची. तिची आणि तिच्या भावाची जोडी या यादीत 15 वेळा पहिली आली. सेलीन डिऑनचं एक गाणं 1996 साली 19 आठवडे पहिलं होतं.

आता खरी गोम. पहिला नंबर म्हणजे सगळ्यांत आवडतं गाणं, असं आपण धरून चालतो. या यादीत मोजतात ते आवडणं नव्हे, वाजणं. कुठल्या स्टेशनवर कोणतं गाणं किती वेळा लागलं, एवढंच. पूर्वी स्टेशनवालेच आकडे कळवायचे, त्यात गडबडीला जागा होती. 1993 पासून संगणक प्रसारण ऐकून गाणी ओळखतो आणि मोजतो. पण गाणं लावणारा तर माणूसच! रेकॉर्ड कंपन्या निवेदकांना गुपचूप पैसे चारून गाणी वाजवून घेत. ते उघडकीला आल्यावर 1960 मध्ये अमेरिकेत त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

मग ऐकणाऱ्याला कुणी विचारतच नाही का? विचारतात, पण कसं? फोन करून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवतात. आवडलं का, कंटाळा आला का, एवढं विचारतात. ओळखीच्या गाण्याला कुणी स्टेशन बदलत नाही, म्हणून तेच पुन्हा पुन्हा लागतं. 2003 साली अंकल क्रॅकरचं 'ड्रिफ्ट अवे' 28 आठवडे पहिलं राहिलं. सोयाबीन पेरून, काढून, त्यात पेरलेला हरभरा घाट्यावर यावा एवढा काळ! आणि ते गाणंही नवं नव्हे, 1973 मध्ये डोबी ग्रेच्या आवाजात गाजलेलंच.

आपल्याकडे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' 1952 पासून रेडिओ सिलोनवर लागायची. तिथे रेकॉर्डच्या खपाबरोबर श्रोता संघांची मतंही धरत. म्हणजे निदान पोस्टकार्ड टाकणाऱ्याचं मत पोचायचं. पण पोस्टकार्ड लिहायला अक्षरओळख लागते. आपल्या आज्यांपैकी कितीजणींनी ते टाकलं असेल?

हे सगळं आज बोलायचं कारण आपलीच फर्माईशीची वही. परवा ती चाळली. गेल्या महिन्यात पहिलं आलं एक डीजेचं गाणं. नावं पाहिली तर जवळपास सगळी पोरांची. आपण फर्माईश घेतो संध्याकाळी सातला. तेव्हा तुम्ही चुलीपुढे, आणि फोन मालकांच्या खिशात. वही खोटं बोलत नव्हती. ज्यांनी फोन केला त्यांचंच तिच्यात होतं.

तेव्हा येत्या बुधवारपासून फर्माईश दुपारी दोनला. बचत गटाची बैठक असेल तर एकाच फोनवरून सगळ्याजणींनी एकेक गाणं सांगा, प्रत्येकीचं नाव वेगळं लिहून घेऊ. ओवी चालेल, भलरी चालेल. नाव आठवत नसेल तर चाल गुणगुणा, शोधायचं काम आमचं.