थांबलेली पुली आणि नाचणारी रेघ

मे महिन्यात धुळ्याहून मालेगावकडे निघालो होतो. लळिंगचा घाट चढताना मामांच्या जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन डब्यात खडे हलवावेत तसं वाजायला लागलं. गाडी वळवून धुळ्यात परत आणली. मिस्तरींनी बॉनेट उघडलं, पिस्तुलाच्या आकाराची टायमिंग गन बॅटरीला जोडली, तिचा चिमटा एक नंबर प्लगच्या वायरवर बसवला आणि उजेडाचा झोत खालच्या पुलीवर धरला. इंजिन सुरू, पट्टा पळतोय, आणि पुली मात्र जागच्या जागी थांबलेली! तिच्यावरची खडूची रेघ वाचता येईल इतकी स्पष्ट.

ही नजरबंदी मोठी साधी आहे. एक नंबरच्या वायरमधून ठिणगीचा करंट गेला की त्याच क्षणी गन लुकलुकते. पुली दर वेळी त्याच कोनात असेल, तर डोळ्याला तीच ती रेघ दिसत राहते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हॅरोल्ड एजर्टन यांनी 1931च्या सुमारास अशाच लुकलुकत्या दिव्याने फिरत्या विजेच्या मोटारी ‘थांबवून’ पाहिल्या होत्या. गॅरेजातली गनही त्याच युक्तीवर चालते.

आमची रेघ मात्र एका जागी ठरेना. कधी पाच अंशावर, कधी दहावर, मध्येच गायब.

पाच अंशांचा फरक म्हणजे किती वेळ? इंजिन मिनिटाला 900 फेरे घेत असेल तर सेकंदाला 15 फेरे, म्हणजे 5400 अंश. पाच अंश सरकायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. एवढा बारीक काळ साध्या डोळ्यांना खडूच्या रेघेवर दिसतो, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या बारीक काळाला इंजिनात मोल आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटून दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो, आणि पिस्टन काही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी टाकतात. धावत्या एसटीला थांब्याच्या आधीच हात करावा लागतो, तसं. हात फार लवकर केला की दाब चढत्या पिस्टनच्या अंगावर येतो आणि इंजिन ठोकायला लागतं. आत येणारी हवा तापलेली असेल तर ते आणखी लवकर ठोकतं. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो, वर घाटाचा चढ. आमची खडखड तिथूनच सुरू झाली होती.

मी म्हटलं, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बिघडलंय, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर फिरवून टाका. मिस्तरींनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. हाताखालच्या पोऱ्याला म्हणाले, “पह्यले गन देख भो, मंग गाडी.”

रेघ नाचते तेव्हा नाचणारं इंजिनच असेल असं नाही. चिमटा नीट मिटला नसेल, त्याच्या जबड्यात तेलकट मळ असेल, वायर जुनी असेल, तर गन काही ठिणग्या गाळते. शेजारच्या वायरी खेटून असतील तर परक्या ठिणगीवरही पेटते. यातली एक गंमत तर ऐकण्यासारखी आहे. जुन्या फियाटसारख्या चार सिलिंडरच्या गाड्यांत पेटण्याचा क्रम 1-3-4-2. चार नंबरची ठिणगी एक नंबरनंतर बरोबर एका पूर्ण फेऱ्याने पडते, त्यामुळे चिमटा चुकून चारवर लागला तरी रेघ त्याच जागी दिसते आणि चूक कळतही नाही. तीन किंवा दोन नंबरची ठिणगी घुसली, तर रेघेचं भूत पुलीच्या थेट उलट बाजूला उमटतं.

पोऱ्याने चिमटा पुसला, वायर इतरांपासून दूर ओढली. गायब होणं थांबलं, थरथर राहिली.

आता थरथरीची जात बघायची. रेघ झोपाळ्यासारखी सावकाश सरकत असेल, तर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, जास्त असू शकतं. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन ठिणगी आधी आणतात. त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या की ती आयडललाच उघडतात, ठिणगी आधी येते, वेग वाढतो, वजनं आणखी उघडतात. म्हणून आयडल कमी करून, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करून मगच वाचन घ्यायचं.

आमची रेघ मात्र भराभर थरथरत होती. मिस्तरींनी इंजिन बंद केलं, कॅप आणि रोटर काढला, आणि डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांत धरून आडवा हलवला. टक, टक. बुश झिजलेलं. दांडा डुलला की उघडताना ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट कमी-जास्त होते. फट वाढली की पॉइंट आधी उघडतात आणि ठिणगीही आधी पडते. टायमिंग चेन सैल असली तरी असंच होतं. ते पाहायला पुली हाताने पुढे-मागे फिरवून रोटर किती उशिरा हलतो ते बघतात.

याहून फसवी असते ती न हलणारी चुकीची रेघ. काही पुल्यांचं बाहेरचं कडं आतल्या भागाला रबराने चिकटवलेलं असतं. रबर सुटलं की कडं खुणेसकट सरकतं. तेव्हा प्लग काढून पिस्टन खरोखर वर आलाय का ते पाहण्यावाचून इलाज नसतो.

हल्लीच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच नाही. आयडल स्थिर राखायला संगणकच ठिणगी क्षणोक्षणी मागे-पुढे करतो. तिथे रेघ थोडी हलली तर तो बिघाड समजू नये.

बुश बदललं, फट बसवली, रेघ उभी राहिली, आणि संध्याकाळी लळिंग आवाज न करता चढलो. तुम्हाला कुठे ही गन बघायला मिळाली तर जरूर वाकून बघा. फक्त त्याआधी उन्हासाठी गळ्यात बांधलेला रुमाल काढून ठेवा. पुली आणि पंखा थांबलेले दिसतात, थांबलेले नसतात.